आतड्यातून हृदयाकडे

प्रोबायोटिकच्या बाटल्यांवर आणि पाकिटांवर आज पोटाच्या तक्रारी लिहिलेल्या असतात: अपचन, गॅस, जुलाब, फार तर प्रतिकारशक्ती. पण उपकारक जिवाणू खाण्याचा हा विचार पहिल्यांदा गांभीर्याने मांडला गेला, तेव्हा तो धमन्यांबद्दल होता. शरीरातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे दाखवणारे आणि १९०८ मध्ये पाउल एर्लिक यांच्यासह नोबेल मिळवणारे एली मेचनिकॉव्ह पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये उतारवयात म्हातारपणाचा अभ्यास करू लागले. वयाबरोबर धमन्या कडक का होतात, हा त्यांना पडलेला प्रश्न. मोठ्या आतड्यात अन्नाचे अवशेष कुजतात, कुजवणारे जिवाणू फिनॉल, इंडोल अशी द्रव्यं तयार करतात, ती रक्तात उतरतात आणि धमन्यांची नासाडी करतात, असं त्यांचं उत्तर होतं. बल्गेरियातले शेतकरी आंबट दूध भरपूर पितात आणि खूप जगतात, असं त्यांच्या कानावर आलं होतं. जिनिव्हात शिकणाऱ्या स्तामेन ग्रिगोरॉव्ह या बल्गेरियन तरुणाने १९०५ मध्ये त्या दह्यातला जिवाणू वेगळाही काढला होता. मेचनिकॉव्ह यांनी हे दोन धागे जोडले. दह्यातल्या जिवाणूंचं आम्ल कुजवणाऱ्या जिवाणूंना आवर घालेल आणि धमन्या शाबूत राहतील, असं ते सांगू लागले. स्वतःही नेमाने आंबवलेलं दूध पिऊ लागले.

१९१६ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, ते हृदय निकामी होऊन गेले. एका माणसाच्या मृत्यूने सिद्धान्त खरा किंवा खोटा ठरत नाही, पण लोकांचा उत्साह ओसरायला एवढं पुरलं. पुढे १९२० च्या दशकात अमेरिकेत येल विद्यापीठाच्या लिओ रेटगर यांनी दाखवलं, की बल्गेरियन दह्यातला तो जिवाणू माणसाच्या आतड्यात मुक्काम करतच नाही. धमनी आणि आतडं यांचा संबंध मग कित्येक वर्षं कोणी गांभीर्याने घेतला नाही.

आता मागे वळून पाहताना मला मेचनिकॉव्ह यांच्याबद्दल फार आदर वाटतो. त्यांचा उपाय कच्चा होता, पण संशय योग्य जागी होता. आतड्यातल्या जिवाणूंनी बनवलेलं इंडोल यकृतात जाऊन इंडॉक्सिल सल्फेट होतं, क्रेसॉलचं क्रेसिल सल्फेट होतं. मूत्रपिंडं नीट चालत नसलेल्या रुग्णांच्या रक्तात ही द्रव्यं साठतात आणि रक्तवाहिन्यांना इजा करतात, हे आज मूत्रपिंडविकाराच्या डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी व्याख्या केली ती अशी: पुरेशा प्रमाणात दिल्यावर शरीराला फायदा करून देणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. यात ‘जिवंत’, ‘पुरेसे’ आणि ‘फायदा’ या तिन्ही अटी पाळल्या गेल्या पाहिजेत. शिवाय फायदा हा एकेका वाणाचा असतो. आंबा म्हटलं की त्यात हापूसही येतो आणि आंबट ढाण रायवळही. तसंच लॅक्टोबॅसिलस या एका नावाखाली शेकडो वाण येतात. एकाने कोलेस्टेरॉल उतरलं, म्हणून त्याच्या भावकीतल्या दुसऱ्याने उतरेल असं नाही. म्हणूनच अभ्यासांत नावापुढे क्रमांक लिहितात आणि दुकानातल्या बहुतेक वेष्टनांवर नेमका तोच सापडत नाही.

हृदयाच्या दृष्टीने सगळ्यात भरीव पुरावा आहे तो कोलेस्टेरॉलचा. त्याची सुरुवात पूर्व आफ्रिकेत झाली. मसाई लोक दूध आणि मांस यांवर जगतात, तरी त्यांचं कोलेस्टेरॉल कमी कसं, या कोड्याने अमेरिकन संशोधक जॉर्ज मान यांना झपाटलं होतं. त्यांनी २४ मसाई पुरुषांना स्थानिक जिवाणूने आंबवलेलं दूध भरपूर पाजलं. अभ्यासाचा मूळ हेतू वेगळा होता. पण पुरुषांची वजनं वाढली आणि कोलेस्टेरॉल मात्र उतरलं. १९७४ मध्ये हा निष्कर्ष छापून आला आणि दह्यात असं काय आहे, याचा शोध सुरू झाला.

उत्तराचा मोठा भाग पित्तात सापडला. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं आणि त्यांना ग्लायसीन किंवा टॉरीन या अमिनो आम्लाची जोड देतं. जेवण झालं की पित्ताशय आकुंचन पावतं, ही जोडलेली आम्लं लहान आतड्यात उतरतात आणि तेलातुपाचे बारीक थेंब करून ते पचायला मदत करतात. शरीर हा माल वाया घालवत नाही. लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यावर सुमारे ९५ टक्के पित्ताम्लं पुन्हा शोषली जातात, रक्तातून यकृतात परततात आणि पुढच्या जेवणाला पुन्हा उतरतात. दिवसातून कित्येक फेऱ्या होतात. शौचावाटे जातं ते जेमतेम अर्धा ग्रॅम, आणि यकृताला नव्याने बनवावं लागतं ते तेवढंच.

काही जिवाणूंकडे ही जोड तोडणारं विकर असतं. ग्लायसीन सुटलं की पित्ताम्ल आतड्याच्या भिंतीतून आधीसारखं सहज परत जात नाही, विष्ठेबरोबर बाहेर पडतं. यकृताला तूट जाणवते. ती भरून काढायला त्याला जास्त कोलेस्टेरॉल लागतं, म्हणून ते रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, अधिक ओढून घेतं. कोलेस्टिरामिन हे जुनं औषधही याच रस्त्याने काम करतं, पित्ताम्लं धरून बाहेर नेतं. आपल्या घरातल्या इसबगोलाच्या डब्यातही थोडी हीच करामत आहे. त्याच्या बुळबुळीत तंतूंत पित्ताम्लं अडकतात आणि रोज घेतल्यास एलडीएल काही टक्के खाली येतं.

माँट्रियलच्या संशोधकांनी हे विकर जोमाने बनवणारा लॅक्टोबॅसिलस रॉयटेरीचा एक वाण निवडला, क्रमांक ३०२४२. कोलेस्टेरॉल वाढलेल्या १२७ जणांपैकी काहींना तो कॅप्सूलमधून, तर बाकीच्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी दिवसातून दोनदा दिली. नऊ आठवड्यांनी वाणवाल्या गटाचं एलडीएल पोकळ गोळीच्या गटापेक्षा ११.६४ टक्क्यांनी कमी होतं. २०१२ चा हा निष्कर्ष या क्षेत्रातल्या उत्तम निष्कर्षांपैकी एक आहे, आणि तो वाचतानाही प्रमाण लक्षात ठेवावं: स्टॅटिनची गोळी एलडीएल ३० ते ५० टक्क्यांनी उतरवते. वेगवेगळ्या वाणांचे अभ्यास एकत्र केले की प्रोबायोटिकचा सरासरी परिणाम ५ ते १० मिलिग्रॅमच्या आसपास येतो. १६० चं १५२ व्हावं, इतपत. हा फरक खरा आहे. पण तेवढ्यावर कोणी स्टॅटिन बंद करत असेल, तर त्याला मी हात जोडून थांबवेन.

रक्तदाबाची गोष्टही अशीच, थोडी पण खरी. दूध आंबताना काही जिवाणू दुधातल्या प्रथिनांचे बारीक तुकडे करतात. त्यांतले काही तुकडे रक्तवाहिन्या आवळणाऱ्या यंत्रणेतल्या एका विकराला रोखतात. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्या रोखतात तेच हे विकर. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाच्या संशोधकांनी नऊ चाचण्यांतल्या ५४३ जणांचे आकडे एकत्र केले. वरचा रक्तदाब सरासरी ३.५६ आणि खालचा २.३८ ने उतरलेला दिसला. मात्र परिणाम नीट दिसायला किमान आठ आठवडे आणि रोज १० हजार कोटी जिवाणू लागत होते. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार प्रोबायोटिक म्हणवून घ्यायला दिवसाच्या मात्रेत १० कोटी जिवंत जिवाणू पुरतात. म्हणजे कायद्याने पुरेसं आणि बीपीसाठी पुरेसं यांत हजारपटींचं अंतर आहे. वेष्टन वाचताना हे ध्यानात असलेलं बरं.

याहून महत्त्वाचा वाटतो तो बर्लिनमधला मिठाचा शोध. डॉमिनिक म्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की जास्त मीठ खाल्लेल्या उंदरांच्या आतड्यातला एक लॅक्टोबॅसिलस जवळजवळ नाहीसा होतो, दाह वाढवणाऱ्या पेशी वाढतात आणि रक्तदाब चढतो. तोच जिवाणू बाहेरून दिला की रक्तदाब आटोक्यात राहतो. मग त्यांनी १२ निरोगी पुरुषांना १४ दिवस नेहमीच्या जेवणाशिवाय रोज ६ ग्रॅम मीठ दिलं. त्यांच्याही आतड्यातले लॅक्टोबॅसिलस घटले आणि बीपी वाढला. १२ माणसं म्हणजे फार लहान अभ्यास, हे खरंच. तरी आपल्या जेवणाच्या पानाकडे पाहावं: लोणचं, पापड, कुरडई, शेंगदाण्याची चटणी, सुकट, वर फरसाण. आणि ताक, तेही मीठ घालून. जिवाणू पोटात धाडायचे आणि त्याच घोटात त्यांना न मानवणारी गोष्टही धाडायची. ताकात मिठाऐवजी जिऱ्याची पूड, आलं आणि कोथिंबीर घातली, तर जिभेला चार दिवसांत सवय होते.

बाहेरून येणारे जिवाणू पाहुणे असतात. वस्तीला असलेले त्यांच्या कित्येक पटींनी जास्त, आणि त्यांची भूक भागते कोंड्यावर, सालींवर, डाळी-कडधान्यांवर. हे तंतू आपल्याला पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात आणि ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी लहान आम्लं तयार होतात. जेनिफर प्लझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक विलक्षण गोष्ट नोंदवली. नाकात वास ओळखायला जी ग्राहक-प्रथिनं असतात, त्यांतलंच एक मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीत आहे आणि ते या आम्लांना ओळखून रक्तदाब नियंत्रित करण्यात भाग घेतं. आतड्यात काय आंबतंय याची वर्दी मूत्रपिंडाला अशी लागते. भारतीय आतड्यांत प्रेव्होटेला नावाच्या, धान्य आणि भाजीपाल्याच्या तंतूंवर पोसणाऱ्या जिवाणूंचा भरणा जास्त आढळतो. ज्वारी, बाजरी, मटकी, चवळी, घेवडा यांचीच ती पुण्याई आहे. भाकरीची जागा मैद्याच्या पावाने घेतली की हे जिवाणू उपाशी राहतात, आणि मग वरून कितीही महाग कॅप्सूल घेतली तरी ती उणीव भरून निघत नाही.

दुसऱ्या बाजूला, जिवाणू हृदयाला अपायही करू शकतात. क्लीव्हलँड क्लिनिकच्या स्टॅन्ली हेझन यांच्या गटाने २०११ पासून याचा मागोवा घेतला. अंड्याच्या बलकातलं कोलीन आणि मटणातलं कार्निटीन खाऊन आतड्यातले काही जिवाणू ट्रायमिथिलअमाइन नावाचा वायू बनवतात, यकृत त्याचं टीएमएओ करतं. २०१३ मध्ये त्यांनी चार हजारांवर हृदयरुग्णांचे तीन वर्षांचे निकाल मांडले. टीएमएओ सर्वांत जास्त असलेल्या गटात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यूचं प्रमाण सर्वांत कमी असलेल्या गटाच्या अडीचपट होतं. हेझन यांच्याच गटाने एका शुद्ध शाकाहारी माणसाला मांस खायला लावलं, तर त्याच्या रक्तात टीएमएओ जवळपास बनलंच नाही. ते बनवणारे जिवाणूच त्याच्याकडे पुरेसे नव्हते. यावरून लगेच मासे सोडायचं मात्र कारण नाही. समुद्रातल्या माशांत टीएमएओ मुळातच असतं (मासळी बाजारात शिळ्या माशाला जो उग्र वास येतो, तो त्यापासून सुटलेल्या ट्रायमिथिलअमाइनचाच), आणि तरी मासे खाणाऱ्यांत हृदयविकार कमी आढळतो. म्हणून टीएमएओ हा गुन्हेगार आहे की नुसता साक्षीदार, यावर अजून वाद आहे. प्रोबायोटिक देऊन ते खाली आणायचे प्रयत्न झाले, त्यांचे निकाल एकसारखे नाहीत.

आता थेट हृदयाबद्दल. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये उंदरांना लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम २९९व्ही हा वाण असलेला रस पाजून मग त्यांच्या हृदयाचा रक्तपुरवठा काही वेळ तोडला, तर हृदयाचा मेलेला भाग एरवीपेक्षा लहान निघाला. २०१४ मध्ये कॅनडात दुसऱ्या एका वाणाने झटक्यानंतर उंदरांचं हृदय कमी फुगलं. पुढे २०१८ मध्ये विस्कॉन्सिनमध्येच हृदयविकार असलेल्या २० पुरुषांना २९९व्ही सहा आठवडे दिला, तेव्हा त्यांच्या हाताच्या धमनीची प्रसरण पावण्याची क्षमता सुधारली. तुलनेला पोकळ औषधाचा गट मात्र तिथे नव्हता. अशा बातम्या वाचल्या की आशा वाटतेच, मलाही वाटली. मग नॉर्वे आणि ब्राझील यांनी मिळून १५१ हृदय-निकामी रुग्णांवर चाचणी घेतली. सॅकरोमायसिस बोलार्डी ही यीस्ट तीन महिने एका गटाला दिली, दुसऱ्याला आतड्यातले जिवाणू बदलणारं रिफॅक्सिमिन हे प्रतिजैविक, तिसऱ्याला फक्त नेहमीचे उपचार. याच यीस्टने आधीच्या एका छोट्या अभ्यासात हृदयाची पंप करण्याची ताकद वाढलेली दिसली होती. मोठ्या चाचणीचा निकाल २०२१ मध्ये आला: तिन्ही गटांत फरक नाही.

मग घरच्या दह्याचं काय? रात्री दूध तापवून, करंगळी सुखाने बुडेल इतपत कोमट झालं की चमचाभर विरजण घालून झाकून ठेवतात, तेव्हा त्या भांड्यात कोट्यवधी जिवाणू वाढतात. ते जिवंत असतात, दुधातली साखर खाऊन आम्ल बनवतात आणि बहुतेकांच्या पोटाला मानवतात. पण ते कोणते वाण आहेत हे घरागणिक, ऋतूगणिक बदलतं, म्हणून शास्त्राच्या भाषेत त्याला प्रोबायोटिक म्हणता येत नाही. तेच दही कढीत उकळलं की जिवाणू मरतात. इडली वाफवली, आंबोळी तव्यावर घातली की पिठातलेही मरतात, पचायला हलकं झालेलं पीठ तेवढं शिल्लक राहतं. श्रीखंडात जिवाणू जिवंत राहतात, पण साखर इतकी, की हृदयाचं नाव काढू नये. स्टॅनफर्डमध्ये २०२१ साली ३६ निरोगी माणसांवर झालेल्या अभ्यासात ज्यांनी दहा आठवडे दही, केफिर, आंबवलेल्या भाज्या असं रोज भरपूर खाल्लं, त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातली दाह दाखवणारी १९ प्रथिनं कमी झाली. दाह हा धमन्या चोंदण्यामागचा एक मुख्य धागा असल्यामुळे मी या अभ्यासाला बरंच वजन देतो. रोजचं ताजं, बिनसाखरेचं दही किंवा पातळ ताक सोडू नये, असं मला वाटतं ते यामुळे.

प्रोबायोटिकचे डबे मात्र सगळ्यांसाठी निरुपद्रवी नाहीत. नेदरलँड्समध्ये तीव्र स्वादुपिंडदाहाच्या रुग्णांना ते दिले गेले, तेव्हा प्रोबायोटिक घेतलेल्यांपैकी १६ टक्के दगावले, न घेतलेल्यांत ६ टक्के. २००८ चा हा निकाल वैद्यकीय जगताला हादरवून गेला. प्रतिकारशक्ती दबलेली असेल किंवा मोठ्या शिरेत नळी घातलेली असेल, तर जिवाणू किंवा यीस्ट रक्तात शिरायचा धोका असतो. हृदयाची झडप खराब असलेल्यांत लॅक्टोबॅसिलसमुळे झडपेला संसर्ग झाल्याच्या क्वचित नोंदी आहेत. झडप बदललेल्या किंवा केमोथेरपी चाललेल्या माणसाने ही कॅप्सूल आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. घरातल्या माणसांनी प्रेमाने आणून दिली असली तरीही.

प्रोबायोटिक घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके खरोखर कमी येतात का, हे मोजणारी मोठी चाचणी झालेली नाही. आहेत ते आकडे कोलेस्टेरॉलचे, बीपीचे, दाहाचे. अशी चाचणी भारतात होऊ शकते यावर माझा विश्वास आहे तो ओडिशामुळे. तिथल्या खेड्यांत पिनाकी पाणिग्रही आणि सहकाऱ्यांनी साडेचार हजारांवर नवजात बाळांना घेऊन चाचणी केली. निम्म्यांना लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरमचा एक ठरावीक वाण आणि त्याचं खाद्य असलेली साखर सात दिवस दिली, बाकीच्यांना पोकळ औषध. रक्तात जंतुसंसर्ग होणं किंवा बाळ दगावणं, याचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. २०१७ मध्ये हा निकाल ‘नेचर’मध्ये छापला गेला. कोणता वाण, किती, किती दिवस, हे तिथे आधीच पक्कं होतं आणि प्रत्येक बाळावर पुढे लक्ष ठेवलं गेलं. दक्षिण आशियात पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी येतो, जगात इतरत्र ५९ व्या. म्हणजे हा प्रश्न आपल्याकडे अधिक निकडीचा आहे. आतड्यातले जिवाणू गोळा करून जपणारी राष्ट्रीय संस्था पुण्यात आहे, साखर कारखान्यांच्या आणि दूध संघांच्या पट्ट्यात पन्नाशीला पोचलेली, बीपी आणि साखर असलेली हजारो माणसं आहेत. चाचणीला काही हजार माणसं, निवडलेला एक वाण, पाचेक वर्षांचा पैसा आणि झटक्यांची इमानाने नोंद ठेवणारे तालुक्याचे दवाखाने लागतील.